इथे टीप ठेवू नये

दादा,

काल तुझ्या फोटोसमोर बसून एका माणसाने वहिनीला सांगितलं, की त्याने तुला टीप दिल्याशिवाय कधी टेबल सोडलं नाही.

असं सांत्वन मी आजवर ऐकलं नव्हतं. पन्नाशी उलटलेला गृहस्थ, इस्त्रीचा झब्बा, हातात प्लास्टिकच्या पिशवीतला हार. तू उल्हासनगरला हॉटेलात वेटर होतास तेव्हाचं गिऱ्हाईक. आधी त्याने ठरलेलं सगळं म्हणून घेतलं. तू हसतमुख होतास, सेवाभावी होतास, अशी माणसं आता राहिली नाहीत. वहिनी मान हलवत होती. मग त्याला वाटलं असावं, की यात आपला स्वतःचा वाटा काही आला नाही. तेव्हा त्याने हे टिपेचं काढलं, आवाज खाली आणून, गुप्तदानाची गोष्ट सांगावी तसं. मी वर पाहिलं. मला वाटलं, बोलून झाल्यावर तरी ओशाळेल. तो समाधानाने चहा पीत होता.

मी त्याला विचारलं, तुम्ही त्याला काय हाक मारायचात. म्हणाला, बॉस. आम्ही सगळे बॉसच म्हणायचो. प्रेमाने, असंही त्याने जोडलं. इतकी वर्षं तुझ्या हातचं पाणी प्यायलेल्या माणसाला तुझं नाव दारावरच्या पाटीवर वाचून कळलं.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. वहिनी रागावली. माणूस एवढ्या लांबून आला, त्याची टिंगल कसली करतेस, म्हणाली. तिचं बरोबर असेल. पण मला हसू आलं ते तुझ्यामुळे. तू असतास तर त्याची पाठ वळताच नक्कल केली असतीस, आणि कप बशीत ठेवताना त्याची करंगळी कशी वर होती तेही सोडलं नसतंस.

तुझी सुट्टी मंगळवारी असायची, मी काम करायचे त्या शाळेचं ऑफिस सकाळचं. दुपारची जेवणं झाली की अंबरनाथच्या आपल्या घराच्या गॅलरीत तू टॉवेल हातावर टाकून उभा राहायचास आणि टीप देणाऱ्यांचे प्रकार सुरू व्हायचे. बायकोला घेऊन आलेला माणूस. तो नोट ठेवतो ती बायकोला दिसेल अशी ठेवतो, आणि तिचं लक्ष नसेल तर बडीशेप घ्यायच्या निमित्ताने बिलाचं फोल्डर पुन्हा उघडतो. मित्रांचा घोळका. टीप किती ठेवायची यावर जेवणापेक्षा जास्त वेळ चर्चा, आणि शेवटी दुसऱ्याने ठेवली असेल असं समजून प्रत्येक जण बाहेर. पेगागणिक उदार होणारा. पहिल्या पेगला तू ‘ए’, दुसऱ्याला ‘बॉस’, तिसऱ्याला ‘भाई’, चौथ्याला तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्याच्या वडिलांच्या आठवणी. बिल आलं की मात्र तो एकदम शुद्धीवर येतो आणि कोल्ड्रिंक एक जास्त लावलंय म्हणतो.

आई हसून हसून डोळे पुसायची. मीही हसायचे. यातली प्रत्येक नक्कल म्हणजे तुझ्या अंगावरून गेलेली एकेक संध्याकाळ आहे, हे तेव्हा आमच्या डोक्यात येत नव्हतं.

एका प्रकाराची नक्कल करताना मात्र तू स्वतः हसायचा नाहीस. आल्या आल्या, खुर्ची ओढायच्या आधीच तुझ्या शर्टाच्या खिशात नोट कोंबणारा. बाकीचे कामाचे पैसे देतात, असं तू म्हणायचास, हा माणसाचे देतो. मग त्याचा बर्फ आधी, त्याची काकडी आधी, त्याचा विनोद फालतू असला तरी आधी हसायचं. शेजारच्या टेबलावर कुणाची म्हातारी आई ताटकळली तरी चालेल.

आणि तुझे शेठ. चार माणसांत ते तुझ्या खांद्यावर हात टाकायचे, दिवाळीला मिठाईचा खोका द्यायचे, आईच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात फळं घेऊन आले होते. पगार वाढवा म्हटलं की मात्र गोड हसायचे. ‘साईं, तेरा पगार तो टेबल पे पड़ा रहता है. उठाना सीख.’ हे वाक्य तू आम्हाला इतक्या वेळा त्यांच्या आवाजात ऐकवलंस, की मला ते पाठ झालं. किती सोयीची व्यवस्था. स्वयंपाकघर शेठचं, खुर्च्या शेठच्या, नफा शेठचा, आणि शेठच्या नोकराचं पोट कुणाच्या जिवावर, तर आज ऑफिसात बोलणी बसली की नाही यावर ज्याचा हात सैल होतो त्या गिऱ्हाइकाच्या. आमच्या शाळेत कुणी म्हटलं असतं, की शिपायाला पगार नको, पालकांना घंटा आवडली तर ते देतील काहीतरी, तर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. हॉटेलात हेच चालतं आणि त्याला रीत म्हणतात. वर उदारपणाही म्हणतात.

त्या रविवारची गोष्ट तू घरी कितीदा सांगितलीस. मी अजून एकदा सांगते, कारण आता सांगायची पाळी माझ्यावर आली आहे.

दुपारची वेळ, फॅमिली सेक्शन भरलेला. बदलापूरकडची जमीन नुकतीच विकून आलेला एक जण मित्रांना घेऊन बसला होता. लोक ज्यांना गुंठामंत्री म्हणतात त्यांपैकी. आत येऊनही त्याने उन्हाचा चष्मा काढला नव्हता. तू त्याच्या टेबलावर होतास. जेवण संपत आलं तेव्हा त्याने एक मोठी नोट काढली, ती सगळ्यांना दाखवली आणि समोरच्या अर्ध्या भरलेल्या बियरच्या ग्लासात टाकली. तुला म्हणाला, हात लावायचा नाही, तोंडाने काढ. मित्र हसले. तू तसाच उभा राहिलास तर त्याला वाटलं, पैसे कमी पडले. त्याने आणखी एक नोट टाकली.

तू ग्लास उचललास आणि सर्व्हिसच्या काउंटरवर नेलास. बियर ओतून दिलीस. नोटा एकेक करून टिशूपेपरात दाबून टिपल्यास, बशीत सरळ ठेवल्यास, कडेने बडीशेप घातलीस आणि बशी त्याच्यासमोर नेऊन ठेवलीस.

‘साहेब, तुमचं राहिलं होतं.’

एवढंच बोललास. त्याच्या मित्रांपैकी एक जण फसकन हसला, आणि या वेळी तो तुला हसला नव्हता. तेच त्याला सोसलं नाही. तो उठला, खुर्ची पडली, शिव्या सुरू झाल्या. शेठ गल्ल्यावरून धावत आले. काय झालं ते त्यांनी पाहिलेलं होतं. तरी त्यांनी माफी मागायला सांगितली ती तुला. तू गळ्यातला काळा बो काढून गल्ल्यावर ठेवलास आणि आत जाऊन आपला शर्ट घालून घरी आलास.

आई म्हणाली, हाताने काढून घ्यायची होती नोट, विषय संपला असता. वहिनीने फक्त विचारलं, जेवलात का. मी भांडत बसले. त्या शेठला तू चार शब्द का सुनावले नाहीस, गप्प का निघून आलास, यावरून. तुला शेठचा राग नव्हता. त्यांनाही धंदा करायचाय, असं काहीतरी तू म्हणालास आणि भात वाढून घेतलास. मला त्यांचा राग अजून आहे. चष्मेवाला निदान प्यायलेला होता. शेठ शुद्धीत होते. आणि या सगळ्या बडबडीत, तू जे केलंस त्याचा मला किती अभिमान वाटला, ते सांगायचं राहिलं ते राहिलंच.

नंतरची काही वर्षं तू लग्नांच्या केटरिंगला गेलास, एका कंपनीच्या कँटीनला होतास. मग वहिनीने मनावर घेतलं आणि बदलापूरच्या मांजर्लीला खानावळ सुरू झाली. एका इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा, मोजकी टेबलं, वहिनीच्या हातचं माशांचं कालवण. रविवारी मी गल्ल्यावर बसायचे. पहिल्याच दिवशी तू दारात पाटी लावलीस, पेंटरकडून रंगवून आणलेली. ‘इथे टीप ठेवू नये. जेवण आवडलं तर सांगून जावे.’

तू वाढप्यांना आजूबाजूच्या हॉटेलांपेक्षा चांगला पगार ठरवलास आणि तो निघावा म्हणून थाळी थोडी महाग ठेवलीस. मला ते अगदी सरळ वाटलं होतं. जे लोक टीप देतातच, ते तेवढेच पैसे थाळीचे म्हणून देतील. यात कुणाचं काय जातं?

मी माणसांना ओळखत नव्हते. दादा, काय काय पाहिलं आपण त्या गल्ल्यावरून. स्टेशनजवळच्या बारमध्ये वेटरच्या हातात नोटा ठेवणारे आपल्याकडे थाळीचा दर वाचून भुवया उंचावायचे. पापलेटचा आकार हाताने मोजून दाखवायचे. पाटी दाखवून सांगितलं, की टीप द्यायची नाहीये, तर म्हणायचे, ते वेगळं हो. वेगळं काय, ते मला हळूहळू कळलं. द्यायला त्यांची हरकत नव्हती. दिल्यावर समोरचा किंचित वाकणार नाही, याला हरकत होती. थाळीच्या दरात मिसळलेल्या पैशाला कोण सलाम करतो? एकाने पाटी वाचून विचारलं होतं, ठेवायची नाही ते ठीक, पण स्कॅन करून पाठवली तर चालेल का. त्याला वाटलं, आपण पाटीवर मात केली.

काही जण काट्यांच्या ताटलीखाली नोट सारून जायचे. तू नोट घेऊन रस्त्यापर्यंत त्यांच्या मागे जायचास. परत घेताना त्यांची तोंडं काय व्हायची. एक बाई तर चिडून म्हणाल्या होत्या, ‘आम्ही काय भिकारी आहोत का, परत घ्यायला?’ तू मान खाली घालून परत आलास आणि गल्ल्यापाशी येऊन मला म्हणालास, ऐकलंस ना, स्वतःच बोलली. मग आपण दोघं हसलो. तुझ्याबरोबर मी जितकी हसले त्यातलं बहुतेक हसणं असं कुणाला तरी नावं ठेवूनच हसलेलं आहे. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते कैलासचं आठवलं की.

कैलास जांभूळ गावचा, लग्न झालेला, एका मुलीचा बाप. वाढायला त्याच्यासारखा माणूस तुला मिळाला नाही. कुणाला सोलकढी आणखी हवी ते वाटी रिकामी व्हायच्या आधी त्याला कळायचं. तो टिपा घेतो हे मला दिसलं होतं, मी बोलले नव्हते. एका रविवारी तू पाहिलंस. गिऱ्हाईक निघून गेल्यावर तू त्याला मोरीजवळ गाठलंस, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तू त्याला समजावून सांगत होतास, चढा आवाज नव्हता. लाचार व्हायचं नाही, आपला पगार आपण घेतो, कुणाच्या मेहेरबानीवर जगत नाही, वगैरे. तो हात धूत होता. नळ बंद करून म्हणाला,

‘शेठ, तुम्ही आयुष्यभर टिपा घेतल्यात आणि पोट भरल्यावर सोडल्यात. मला आधी घेऊ तर द्या.’

माझ्या कॉलेजची फी कशातून भरली गेली, आईचं ऑपरेशन कशातून झालं, वहिनीचं मंगळसूत्र गहाण पडायचं कशामुळे वाचलं, ते तुला, मला आणि वहिनीला माहीत होतं. शेठच्या पगारावर आपलं घर महिनाअखेरीपर्यंतही पोचलं नसतं. ज्या हातांना मी नावं ठेवते त्यांनी टाकलेल्या पैशावर मी शिकले, आणि शिकले म्हणून मला त्यांना नावं ठेवता येतात. कैलासने ते एका वाक्यात मोरीपाशी मांडलं.

पुढच्या महिन्यात तो हायवेवरच्या एका बारमध्ये गेला. तू त्याला अडवलं नाहीस. पाटीही काढली नाहीस. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं, ते संपलं नाही. मी म्हणायचे, त्याला जाऊ द्यायचं नव्हतं, पाटीपेक्षा माणूस मोठा. तू म्हणायचास, पाटी नसती तर तो माझ्याकडे आणि त्या शेठकडे एकाच पद्धतीने जगला असता, मग मी वेगळं काय केलं? मी म्हणायचे, तू वेगळा आहेस हे दाखवायचा तुझा शौक कैलासच्या मुलीला परवडत नाही. यावर तू ताटं पुसायला घ्यायचास. ताटं पुसायला घेतलीस की तुझं म्हणणं संपलेलं नसायचं, फक्त तू ते आम्हाला सांगणार नसायचास.

मग त्या पावसाळ्यात नदी मांजर्लीत शिरली. पाणी उतरल्यावर गाळ्यात चिखल आणि वास एवढंच उरलं होतं. फ्रीज उताणा पडला होता, तांदळाची पोती फुगून फाटली होती. आणि मदतीच्या गाड्या आल्या. तुला आठवतंय, धान्याचं पाकीट हातात द्यायच्या आधी तो माणूस कसा म्हणाला, दोन्ही हातांनी धरा आणि इकडे बघा. फोटो काढणारा खुर्चीवर चढला होता, चिखलात त्याचे बूट खराब होऊ नयेत म्हणून. खुर्ची आपलीच. तू पाकीट घेतलं नाहीस. वहिनी पुढे झाली, तिने दोन्ही हातांनी धरलं, इकडे पाहिलं आणि पाकीट घेऊन आत गेली. नंतर तिने त्यातल्याच डाळीची आमटी तुला वाढली, आणि तू जेवलास. तुझ्या पाटीला वहिनीने दिलेलं तेवढंच उत्तर मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी कैलास आला. कुणी बोलावलं नव्हतं. बरोबर घमेलं आणि फावडं आणलं होतं. तो तुझ्याशी काही न बोलता मागच्या बाजूने चिखल काढायला लागला. तू पुढून काढत होतास. गाळ्याच्या मधोमध तुमची गाठ पडली तेव्हा दोघांचे चेहरे सारखेच बरबटलेले होते. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तू त्याच्या हातात पैसे ठेवायला गेलास. त्याने हात मागे घेतला आणि भिंतीकडे बोट केलं. पाटी पाण्यात भिजून एका खिळ्यावर लोंबत होती, अक्षरं शाबूत होती.

‘वाचा शेठ,’ म्हणाला, ‘तुम्हीच लावलीय.’

त्या दिवशी तुझं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. देणाऱ्याचा हात तसाच पुढे, घेणारा हसतोय. मग तूही हसलास, त्याला घरी घेऊन गेलास, पाटावर बसवलंस आणि स्वतः वाढलंस. ‘आवडलं तर सांगून जा,’ असंही म्हणालास. तो मनापासून जेवला आणि न सांगता गेला.

हे सगळं मी रंगवून लिहितेय, कारण यानंतरचं लिहायला मला नको वाटतंय.

तुझ्या हॉस्पिटलातले दिवस मला सगळ्यात जास्त कशाने आठवत असतील, तर चहापाण्याने. स्ट्रेचर ढकलणाऱ्याचं चहापाणी, लिफ्टवाल्याचं चहापाणी, रिपोर्ट लवकर आणून देणाऱ्याचं चहापाणी. वहिनी रुमालाच्या गाठीत नोटा बांधून फिरायची. मला संताप यायचा. बिलाच्या खिडकीवर माणसं दागिने मोडून पैसे भरतायत, आणि ते पैसे घेणारे आपल्या कामगारांना काय देतात, तर पेशंटचे नातेवाईक. तिथेही शेठ होतेच. फक्त गल्ल्यावर बसत नव्हते. मी कुणालाही काही दिलं नाही. वहिनी माझी नजर चुकवून देत राहिली. मी ते दिसूनही न दिसल्यासारखं केलं.

तुझ्या वॉर्डातल्या मामांचं मी नाव विचारलं नाही. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. उतारवयाचे, अंगाने किरकोळ, बोलणं जवळजवळ नाहीच. तुझं अंग पुसायचे, कूस बदलायचे, चादर बदलायचे. ते काम करताना तुझ्याकडे बघायचे नाहीत आणि तोंडही वळवायचे नाहीत.

त्या दुपारी तुला जरा बरं वाटत होतं. मामा तुझं अंग पुसून, बादली घेऊन पलीकडच्या खाटेकडे गेले. तू मला खूण करून जवळ बोलावलंस. मला वाटलं पाणी हवंय. तू म्हणालास,

‘शैला, त्यांना काहीतरी दे.’

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तुझ्यावर चिडले, दादा. खाटेवर पडलेल्या माणसावर. मी म्हटलं, तू हे सांगतोस? ज्याने रस्त्यावर धावत जाऊन लोकांच्या नोटा परत केल्या तो? मी म्हटलं, त्यांना पगार मिळतो, पुरत नसेल तर त्यांनी इथल्या मालकाशी भांडावं, तूच नाही का सांगायचास. मी बरंच बोलले. तू ऐकून घेतलंस. बोलायला तुला त्रास होत होता, दोन शब्द झाले की थांबत होतास.

‘मी कधी बाहेर जेवायलाच गेलो नाही गं,’ म्हणालास. ‘देणाऱ्याला कसं वाटतं, मला माहीतच नव्हतं.’

मी विचारलं, कसं वाटतं?

तू बोलायला तोंड उघडलंस आणि तेवढ्यात नर्स आली. भेटायची वेळ संपली होती. मी म्हटलं, उद्या सांग. तू मान हलवलीस.

मी पर्स घेऊन मामांकडे गेले नाही. सरळ बाहेर आले. तुझ्याशी उद्या नीट भांडून मग काय ते ठरवू, असा माझा विचार होता. मी माझे मुद्दे तयार करत होते. रस्ताभर तेच डोक्यात होतं, की हे तुझं दुखणं बोलतंय, की तू खरंच बदललास, आणि बदललास तर त्या बशीतल्या नोटांचं काय, कैलासचं काय.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा तुझ्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

वहिनी स्टुलावर बसली होती. रडत नव्हती. आत मामा होते. सगळ्या नळ्या काढून झाल्या होत्या. त्यांनी तुझं तोंड पुसलं, हनुवटीखालून पट्टी बांधली, चादर सरळ केली. मग खिशातून छोटा कंगवा काढला आणि थांबले. आमच्याकडे बघून त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं. भांग कुठल्या बाजूला पाडायचे?

मला सांगता येईना. इतकी वर्षं तुझ्यासमोर बसले, तुझी प्रत्येक नक्कल पाठ होती, आणि भांग आठवेना. वहिनी म्हणाली, डावीकडे. मामांनी कंगवा पाण्यात बुडवला आणि तुझा भांग पाडला. एकदा पाडला, तो वाकडा वाटला असावा. पुन्हा सरळ पाडला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि न करता ते गेले असते तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं.

मग ते पडद्याबाहेर येऊन उभे राहिले. हात पुढे केला नाही. पण उभे राहिले. आपण लहानपणापासून जे ओळखतो ते उभं राहणं. तू वीस माणसांची हुबेहूब नक्कल करायचास, पण तुझं स्वतःचं असं उभं राहणं तू आम्हाला कधी दाखवलं नव्हतंस. मला ते त्या दिवशी दिसलं.

वहिनी रुमालाची गाठ सोडायला लागली. मी तिचा हात धरला. तिला वाटलं, मी अडवतेय. मी माझी पर्स उघडली. किती काढले ते बघितलं नाही, आणि ते मामांच्या हातात ठेवले. त्यांनी न बघता खिशात घातले. आभार मानले नाहीत, सलाम केला नाही. पलीकडून कुणीतरी हाक मारली तसे ते बादली उचलून तिकडे गेले.

आता वहिनी विचारतेय, पुढच्या आठवड्यात खानावळ पुन्हा उघडायची, पाटीचं काय करू. तुझं उत्तर तू नेलंस. माझं असं आहे, की पाटी राहू दे. चष्मेवाले आणि करंगळीवाले अजून जिवंत आहेत, आणि थाळी महाग आहे म्हणणारेही. पण त्या दिवशी पडद्याबाहेर मला कसं वाटलं, ते मी वहिनीला सांगितलेलं नाही. मला ते तुला सांगायचं होतं, आणि तुझ्याकडून ऐकायचं होतं की तुलाही तसंच वाटलं होतं का.

— शैला